साडेअकरा पौंड आणि चार वर्षांची मुदत

फायनल इयरला आलं की होस्टेलच्या कट्ट्यावर एकच विषय सुरू होतो. जी.आर.ई. दिली का, टोफेल कधी, युनिव्हर्सिटी कोणती, बँकेचं कर्ज किती. मागच्या बॅचमधले जे गेले ते फोनवर वेगळंच सांगतात. त्यांचा प्रश्न जाण्याचा नसतो, राहण्याचा असतो. एम.एस. तर झालं, आता परतायचं, की पी.एच.डी.ला नाव घालायचं, की नोकरी शोधण्यापुरती मिळालेली मुदत वापरून बघायची? घरी कर्जाचा हप्ता, आईचा जीव टांगणीला, आणि व्हिसावरची तारीख जवळ येत चाललेली.

हा प्रश्न आपल्या पिढीने शोधून काढलाय असं वाटत असेल तर तसं नाही. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी मुंबईच्या परळ भागातल्या चाळीत घर असलेल्या एका विद्यार्थ्यापुढे न्यूयॉर्कमध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो आपल्यापेक्षा बराच अवघड होता. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचं चरित्र आपण चौथीपासून वाचतो. महाडचं तळं, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान. शिक्षणाबद्दल मात्र एकच ओळ पाठ असते, की ते परदेशात जाऊन खूप शिकले. ते शिक्षण मध्येच तुटलं होतं, आणि तुटलेलं जोडायला त्यांना कित्येक वर्षं लागली, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख तेवढ्याच भागावर.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. वडील रामजी सैन्यात सुभेदार. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक. त्या काळी अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही सभा घेऊन सत्कार करण्याइतकी मोठी गोष्ट होती, आणि तसा सत्कार झालाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी या मुलाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत पोहोचवलं, महिन्याला २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झालं. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला वडील गेले. घरचा आधार तुटला.

त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. ४ जून १९१३ ला करार झाला. दरबार तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड देणार, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायची. आजच्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षांचा बाँड! आपल्याकडे कंपनीचा दोन वर्षांचा बाँड म्हटला तरी पोरं दहा वेळा विचार करतात.

साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या वेळी पौंडाचे १५ रुपये पडत, म्हणजे महिना साधारण १७२ रुपये. डॉलरमध्ये ५६ च्या आसपास. त्यातच राहणं, जेवण, पुस्तकं, आणि त्यातूनच घरी पैसे. घरी पत्नी रमाबाई आणि १९१२ च्या डिसेंबरात जन्मलेला यशवंत.

जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये उतरले. हार्टली हॉल. आता हे वाचून होस्टेलाइट मंडळींना बरं वाटेल, की मेसचं जेवण त्यांनाही मानवलं नाही. काही दिवसांतच त्यांनी जागा बदलली, आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये आले. तिथे नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री झाली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले, असं चरित्रकार लिहितात. ते खरंच असणार. बावीस वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी आलेला की जिथे एका टेबलावर जेवताना कोणी जात विचारत नाही.

नंतर मात्र त्यांनी जो अभ्यास केला त्याला तोड नाही. अर्थशास्त्र मुख्य, आणि जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. शिकवायला एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, गोल्डनवायझर असली माणसं. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहून एम.ए. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो आजही जगभर वाचला जातो, आणि वाचला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जूनमध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा पी.एच.डी.चा प्रबंधही लिहून झाला.

आणि इथेच तीन वर्षं संपली.

आता बघा, जून १९१६ मध्ये त्यांच्यापुढे काय काय होतं. एक, सरळ घरी परतायचं. डोक्यावर दहा वर्षांचा करार आहे, बडोद्यात नोकरी तयार आहे, घरच्यांनी तीन वर्षं वाट बघितली आहे. एम.ए. आहे, प्रबंध लिहून झाला आहे. कोणीही म्हटलं असतं की पुष्कळ झालं, आता या. दोन, अमेरिकेत राहायचं. लाला लजपतराय त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते, त्यांनी या हुशार तरुणाला चळवळीत ओढायचा प्रयत्न केला. पण महाराजांना दिलेला शब्द मोडून राजकारणात पडायला ते तयार नव्हते. तीन, आणखी मुदत मागायची आणि लंडन गाठायचं.

त्यांनी तिसरा रस्ता धरला. दरबाराकडे मुदतवाढ मागितली, सेलिग्मन यांच्याकडून लंडनच्या प्राध्यापकांसाठी शिफारसपत्रं घेतली आणि बोटीत बसले.

यात धोका केवढा होता याची आपल्याला कल्पना येत नाही. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. लंडनला उतरल्यावर हिंदी क्रांतिकारकांच्या संशयापायी पोलिसांनी कसून झडती घेतली. आणि शिष्यवृत्ती किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता.

मग लंडनच का? त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते आपण नक्की सांगू शकत नाही, पण दोन कारणं तर ढळढळीत दिसतात. भारताच्या सरकारी पैशाचा अभ्यास करायचा तर कागदपत्रं लंडनमध्ये होती. इंडिया ऑफिसची लायब्ररी तिथे, ब्रिटिश म्युझियम तिथे. आणि दुसरं म्हणजे बॅरिस्टरी. नोकरी देणारा जात बघून नोकरी काढून घेऊ शकतो, वकिलीची सनद तशी काढून घेता येत नाही. माझ्या मते हे दुसरं कारण पहिल्याइतकंच वजनदार होतं. कारण पुढे तसंच घडलं.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन प्रवेश त्यांनी एकदमच घेतले. जेमतेम एक वर्ष गेलं, आणि बडोद्याच्या दिवाणांकडून निरोप आला की शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या.

हातात काय? डॉक्टरेटचा अभ्यास अर्धवट, बॅरिस्टरी अर्धवट. कोलंबियाची पी.एच.डी.सुद्धा कागदावर नाहीच, कारण प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय ते विद्यापीठ पदवी देत नसे आणि छपाईला पैसे नव्हते. म्हणजे चार वर्षं मरमर अभ्यास करून तीन गोष्टी लटकलेल्या.

जिद्दीने तिथेच राहून हाल काढायचे, की परतायचं? इथे त्यांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी परतायचं ठरवलं, पण त्याआधी दार बंद होणार नाही अशी तजवीज केली. प्रोफेसर एडविन कॅनन यांच्या मदतीने लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी घेतली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत केव्हाही येऊन राहिलेला अभ्यास पुरा करता येईल. आपल्या भाषेत टर्म जिवंत ठेवली! चार वर्षांत आलो नाही तर सगळं रद्द.

ते मार्सेल्सहून बोटीने निघाले. सामान आणि पुस्तकं दुसऱ्या जहाजाने येत होती, ते जहाज भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवलं. न्यूयॉर्कमध्ये उपाशी राहून जमवलेल्या पुस्तकांतली कितीतरी अशी गेली. २१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईत उतरले. गमतीची म्हणावी की वाईट, बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली, आणि बडोद्याला जायच्या भाड्याची सोय त्यातून झाली.

बडोद्याची हकीकत पुष्कळांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. करारानुसार नोकरीवर गेले, महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून. गावात राहायला एक खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत दुसऱ्या नावाने राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं लाठ्या घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. हिंदू मित्राकडे, ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, कोणाच्या घरात जागा नव्हती. कोलंबियाचा एम.ए., लंडनचा विद्यार्थी, रात्री ९ च्या गाडीची वाट बघत कामाठी बागेत बसून राहिला. दहा वर्षांचा बाँड तिथे संपला. (त्या खर्चाच्या वसुलीचा दरबाराचा तगादा मात्र काही वर्षं मागे राहिला.)

मुंबईत आल्यावर शिकवण्या केल्या. शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक बंद. शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली, पगार ४५० रुपये. त्यांची लेक्चर्स ऐकायला दुसऱ्या कॉलेजांची मुलं येऊन बसत. आणि त्याच कॉलेजात काही प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली.

४५० रुपये त्या काळात मोठी रक्कम. या पगारात ते चांगलं बिऱ्हाड करू शकले असते. पण ते परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाबाईंच्या हातात खर्चाला ठरलेली रक्कम, बाकी सगळं शिल्लक. चार वर्षांच्या मुदतीचं कॅलेंडर डोक्यात चालू होतं. घरातलं माणूस प्रोफेसर झालं आहे आणि घर मात्र पूर्वीसारखंच काटकसरीने चाललं आहे, हे त्या माउलीने कसं सोसलं असेल? परदेशी शिक्षणाच्या गोष्टीत आपण शिकणाऱ्याबद्दलच बोलतो. रमाबाईंची पाच मुलं, त्यांतला यशवंत तेवढा जगला. स्वतः त्या २७ मे १९३५ ला गेल्या. या शिक्षणाची किंमत कोणी किती भरली याचा हिशोब करायचा झाला तर त्यात त्यांचं नाव पहिलं घालावं लागेल.

१६ महिने नोकरी करून मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. याच काळात ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू झालं होतं, त्याला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. माणगावची परिषद झाली होती. समाजात नाव होऊ लागलं होतं. अशा वेळी चांगली नोकरी सोडून, नुकतं सुरू केलेलं पाक्षिक मागे ठेवून, एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी व्हायला निघणं! नवल भथेनांनी ५ हजार रुपये कर्जाऊ दिले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि जुलै १९२० मध्ये बोट सुटली. मुदत संपायला सव्वा वर्ष बाकी होतं.

लंडनमधला हा दुसरा मुक्काम म्हणजे निव्वळ हाल. सकाळी पावाचा तुकडा, माशाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल. मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. दुपारचं जेवण बहुतेक वेळा नाहीच. रात्री भूक असह्य झाली की घरून आलेले पापड भाजून खायचे. मेसमध्ये शेवभाजी पातळ झाली म्हणून आपण निवेदन देतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही. त्यांचं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं, तिथे आता स्मारक आहे.

आता जरा आकडे बघू, आपण इंजिनिअर आहोत. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव चढून पावणेतीन शिलिंगांच्या घरात गेला होता. सरकारने तो २ शिलिंगांवर बांधायचं ठरवलं. तो टिकला नाही, आणि १९२१ मध्ये १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली घसरला. २ शिलिंग दराने ५ हजार रुपयांचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्स दराने ३३३. खर्च पौंडात आणि शिल्लक रुपयात असलेल्या विद्यार्थ्याचे एकतृतीयांश पैसे असेच हवेत गेले. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले, ते याच तंगीत. नंतर पुन्हा भथेनांना साकडं घालावं लागलं. आणि त्यांच्या डॉक्टरेटचा विषय काय होता? रुपयाचा प्रश्न! सरकार रुपयाचा विनिमय दर कसा सांभाळतं आणि त्याची झळ कोणाला बसते, हेच ते दिवसभर वाचत होते आणि संध्याकाळी खिशात अनुभवत होते.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झालं. बॅरिस्टरी पुरी झाली. मध्येच जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध दिला, आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो दुरुस्त करून पुन्हा मागितला. म्हणजे पुन्हा तोच पेच. थांबावं की परतावं? पैसे संपले होते. या वेळी ते परतले, एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला आले, दुरुस्ती चाळीत बसून केली आणि प्रबंध टपालाने धाडला. वर्ष संपायच्या आत डी.एस्सी. मंजूर झाली, आणि कॅनन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकही लंडनहून निघालं. कोलंबियाचं राहिलेलं काम त्यानंतर. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ मध्ये छापून झाला आणि ८ जून १९२७ ला पी.एच.डी. कागदोपत्री मिळाली. न्यूयॉर्क सोडल्याला अकरा वर्षं झाली होती.

रिझर्व्ह बँक या पुस्तकातून जन्मली असं भाषणांत सर्रास सांगतात. इतकं सोपं करू नये. त्यांनी १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली हे खरं, आणि त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, ती १९३५ मध्ये सुरू झाली हेही खरं. पण त्या साखळीत पुष्कळ हात होते. त्यांचं मोठेपण सिद्ध करायला वाढवून सांगायची गरज नाही.

आपल्या खानदेशाशी या गोष्टीचा एक धागा आहे, तो सांगून थांबतो. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला समिती नेमली, बाबासाहेब तिचे सदस्य. एका गावातल्या बहिष्काराच्या चौकशीसाठी ते खानदेशात आले. धुळ्याहून परतताना २३ ऑक्टोबरला चाळीसगावला उतरले. धुळ्याची शाखा लाइन तिथेच मेन लाइनला मिळते, त्यांना पुढे मुंबईला जायचं होतं. पण चाळीसगावच्या अस्पृश्य वस्तीतली माणसं स्टेशनवर येऊन थांबली होती. एक रात्र आमच्याकडे राहा म्हणाली. त्यांचा बेत नव्हता, तरी ते राहिले.

वस्ती नदीपलीकडे. न्यायला टांगा हवा, आणि अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नाही. शेवटी तडजोड निघाली, टांगा भाड्याने द्यायचा पण हाकायचा नाही. पाहुण्याला पायी न्यायचं नाही म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पाय मोडला. कोलंबिया, लंडन, बॉन, ग्रेज इन, सगळं पाठीशी असलेला माणूस, आणि आपल्या जिल्ह्यात त्याला टांगेवाला मिळाला नाही.

ही हकीकत त्यांनी स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवली आहे, बडोद्याच्या धर्मशाळेच्या हकीकतीसोबत. छोटंसं पुस्तक आहे, तासाभरात वाचून होतं. नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. कोलंबिया विद्यापीठाच्या वेबसाइटवर ते पूर्ण ठेवलेलं आहे, लॅबमध्ये नेट चालू असेल तेव्हा उघडून बघा.